‘आत्मविश्वास आहे का?’ असं विचारलं की सगळे ‘हो’च म्हणतात

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. तुम्ही एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, विषय कम्युनिटी हेल्थ. सिंहगड रोडवरच्या दोन सोसायट्यांमध्ये ३० ते ५५ वयाच्या लोकांसाठी, कोलेस्टेरॉल वाढू नये म्हणून, ६ आठवड्यांचा कार्यक्रम घ्यायचा आहे. ‘चांगल्या सवयी लावून आपण कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवू शकतो’ हा लोकांचा विश्वास कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर मोजायचा आहे. त्यासाठी १५ विधानांचं टूल (मोजायची प्रश्नावली) केलंत, ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशी ५ घरं दिलीत आणि पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, जवळजवळ सगळ्यांनी चौथ्या-पाचव्या घरात खुणा केल्या. गाईड म्हणाल्या, ‘लोकांना आधीच एवढा आत्मविश्वास असेल तर तुझ्या कार्यक्रमाची गरज काय?’ आता तुम्ही विचारताय की ५ ऐवजी १० घरं करू, की परदेशी तयार टूल भाषांतर करून घेऊ?

१० घरं केलीत तर लोक नवव्या-दहाव्या घरात खुणा करतील, एवढाच फरक पडेल. तयार टूल जसंच्या तसं उचललंत तरी बहुधा हेच होईल. दुखणं पट्टीत नाही, विधानांत आहे. ‘मी आरोग्यदायी आहार घेऊ शकतो’, ‘मी नियमित व्यायाम करू शकते’ याला नाही कोण म्हणेल? त्यातून समोर ॲप्रन घातलेली नर्सिंगची मुलगी उभी, बाजूच्या खुर्चीत सोसायटीचे सेक्रेटरी. अशा वेळी पाचव्या घरात खूण करणं हा साधा शिष्टाचार झाला. तुमच्या हाती जो आकडा लागला तो पाहुण्याला ‘बसा, चहा घ्या’ म्हणण्यातला आहे.

हे मी वरून सांगत नाही. सामाजिक आरोग्याच्या कामात मला पुण्यात २० वर्षांवर झाली, आणि माझं पहिलं टूल याच वाटेने गेलं. २२ विधानं, सगळी गुळगुळीत. कार्यक्रमाआधी आकडे छान, ३ महिन्यांनी तितकेच छान. आम्ही अहवालात लिहून टाकलं की लोकांचा आत्मविश्वास टिकून राहिला. समारोपाच्या दिवशी त्याच हॉलमध्ये बटाटेवडे आले, आणि ‘तळलेले पदार्थ टाळणं मला शक्य आहे’ यापुढे पाचवर खूण करणाऱ्यांपैकी एकानेही नको म्हटलं नाही. मीही दोन खाल्ले. ते कागद नंतर बरीच वर्षं कपाटात होते.

आधी शब्दाचं बघू, कारण निम्मी गडबड तिथेच होते. तुमच्या विधानांत ‘आत्मविश्वास’ हा शब्द आठ-नऊ वेळा आलाय. मराठी माणूस हा शब्द कुठे ऐकतो? मुलाखतीत, वक्तृत्वस्पर्धेत, मुलीच्या शाळेतल्या पालकसभेत. ‘आत्मविश्वास कमी आहे’ म्हणजे माणूस बुजरा, काहीतरी उणा. मग स्वतःबद्दल तसं कोण लिहून देईल? ‘खात्री’ हा शब्द त्यापेक्षा बरा. पण माझ्या अनुभवात सगळ्यांत चांगलं काम करतं ते आपलं रोजचं क्रियापद: जमणं. ‘नाही हो जमणार’ असं म्हणताना कुणाची मान खाली जात नाही. भाजीवाली म्हणते, बँकेतला मॅनेजर म्हणतो, सूनबाई सासूला हळूच म्हणते. तुम्हाला जे हवंय, म्हणजे ज्याला प्रबंधात सेल्फ-एफिकसी लिहितात ते, मराठीत या ‘जमण्या’तच आहे.

त्यातही एक खाच आहे. ‘जमेल का?’ विचारलं की आपल्याकडे ठरलेलं उत्तर येतं: ‘मनावर घेतलं तर काय अवघड आहे?’ हे उत्तर ऐकलं की समजावं, माणूस आजचं सांगत नाहीये, मनावर घेतल्यानंतरच्या कुठल्यातरी स्वतःबद्दल बोलतोय. अल्बर्ट बांडुरा, ज्यांनी १९७७ साली ही सगळी संकल्पना मांडली, त्यांनी २००६ साली अशा मोजपट्ट्या कशा बनवाव्यात यावर सविस्तर लिहिलं आहे. त्यात दोन गोष्टींवर भर आहे: करू शकाल का हे विचारा, करणार का हे नको, कारण करणार का हा इरादा झाला, आणि आजची क्षमता विचारा, पुढची नको. म्हणून माझ्या कागदाच्या डोक्यावर नेहमी हे वाक्य असतं: ‘आजच्या घडीला, तुम्ही आत्ता जसे आहात तसे, हे कितपत जमेल? पुढे कधीतरी जमेल ते इथे धरू नका.’ वाचून दाखवताना ‘आत्ता’वर जोर द्यायचा. एवढ्यानेच बऱ्याच खुणा खाली सरकतात.

आता गाभ्याचं. बांडुरांचा आणखी एक मुद्दा थेट तुमच्या पायलटला लागू पडतो: वाटेत अडथळाच नसेल तर काम सोपं असतं, आणि सोप्या कामाबद्दल प्रत्येकालाच खात्री वाटते. म्हणजे विधानात अडथळा घातल्याशिवाय माणसामाणसांतला फरक दिसणारच नाही. आणि हा अडथळा तुम्ही किंवा तुमच्या गाईडनी खुर्चीत बसून सुचवायचा नाही, तो लोकांच्या तोंडून यायला हवा. दहा-बारा जणांना गाठा. सोसायटीच्या बाकावर, दूध आणायला आलेले असताना, कुठेही. ‘कोलेस्टेरॉल वाढू नये म्हणून काय करायला हवं ते बहुतेकांना माहीत असतं, मग राहून कुठे जातं?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा. ते जे शब्द वापरतील तेच वहीत लिहा, ‘सुधारू’ नका.

माझ्या वहीतली काही वाक्यं सांगते. ‘रात्री साडेनऊला हिंजवडीहून घरी आलं की पोळी-भाजी करायचं त्राण नसतं, मग मागवतो.’ ‘ऑफिसात रोज कुणाचा तरी वाढदिवस.’ ‘सकाळी तळजाईला जातो हो रोज, पण उतरल्यावर मित्रमंडळी थांबतात ना, मग पोहे आणि साबुदाणा वडा.’ (टेकडी चढून मिळवलेलं खाली गाडीवर देऊन येणं हा आपल्या शहराचा जुना व्यवहार आहे.) ‘पावसाळ्यात चार महिने चालणं बंद, खड्ड्यांतून कोण जाणार?’ ‘उपास असला की उलट जास्त तळलेलं पोटात जातं.’ ‘पंगतीत मावशी वाटी घेऊन उभी राहते, तूप नको म्हटलं तर तिला वाईट वाटतं.’ एका गृहस्थांचं तर अगदी सरळ: ‘टेन्शन आलं की मला खारी लागते.’ यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे तयार प्रश्न आहे. तुम्ही फक्त त्याला पायऱ्या करायच्या.

पायऱ्या म्हणजे कसं, ते एका सवयीवर दाखवते. समजा विषय आहे दुपारच्या चहासोबतचं खाणं. पहिली पायरी: ‘घरी एकटे असताना चहाबरोबर खारी-बिस्किटाऐवजी फुटाणे किंवा फळ खाणं.’ दुसरी: ‘घरातले बाकीचे समोर बसून खारी खात असताना.’ तिसरी: ‘ऑफिसात कुणीतरी सामोसे मागवलेत, सगळे घेतायत आणि बशी तुमच्यापुढे आली आहे तेव्हा.’ चौथी: ‘दिवस फार वाईट गेलाय, डोकं भणभणतंय तेव्हा.’ सवय एकच, चढ चार. पहिलीला बहुतेक सगळे ९०-१०० म्हणतील (माझी पट्टी ० ते १०० ची असते, ती पुढे सांगते), त्याला इलाज नाही. चौथीला मात्र आकडे पसरतील, आणि तुम्हाला हवा आहे तो पसाराच. (जाता जाता: ट्रान्स फॅटवर, म्हणजे वनस्पती तुपातल्या घातक मेदावर, आपल्याकडे २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली, तेव्हापासून लोक ‘आता खारी चालते’ असं म्हणायला लागलेत. त्यातला संतृप्त मेद (सॅच्युरेटेड फॅट, तुपा-लोण्यातला गोठणारा मेद) कुठेही गेलेला नाही.)

असेच चढ चालण्यासाठी करा. इथे ‘आठवड्याला १५० मिनिटं’ असं लिहू नका. शिफारस तीच आहे, पण कागद भरताना कुणी भागाकार करत बसत नाही. ‘आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भराभर चालणं’ असं लिहा. भराभर म्हणजे किती हेही सांगा: चालताना बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही इतकं. मग पुढे अडथळे: पाऊस लागून राहिलाय, सोबतीचा माणूस गावाला गेलाय, घरी पाहुणे आहेत, मुलाची परीक्षा आहे. तंबाखूचे प्रश्न फक्त खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना विचारा, आणि मिश्री विसरू नका. ‘तंबाखू खाता का?’ला ठामपणे नाही म्हणणाऱ्या कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात, त्यांच्या लेखी ती तंबाखूत येतच नाही.

आता स्वयंपाकघर. तुमच्या १५ विधानांत याचा उल्लेखही नाही, आणि माझ्या मते तुमच्या टूलमधली सगळ्यांत मोठी चूक हीच आहे.

कोथरूडजवळच्या एका सोसायटीत आम्ही कागद वाटले होते. जोडपी शेजारी-शेजारी बसलेली. एक काका भराभर खुणा करत होते: तेल कमी करणं १००, तळलेलं आठवड्यातून एकदाच १००, सगळीकडे १००. काकू त्यांच्या कागदात डोकावल्या, हसल्या, त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मग उद्यापासून स्वयंपाक तुम्हीच करा.’ हॉल हसला, काकाही हसले. पण मी तेव्हापासून स्वयंपाक करणारा आणि न करणारा यांचे आहाराचे प्रश्न वेगळे ठेवते. काकांच्या १०० ला अर्थ काय? तेलाची पळी काकूंच्या हातात. काकांची क्षमता उसनी आहे. त्यांच्या हातात खरं काय आहे ते विचारायला हवं: ‘भाजीत तेल कमी पडल्यामुळे चव वेगळी लागली तरी तक्रार न करता जेवणं’, ‘घरी येताना स्वतःहून फरसाण न आणणं’. आणि काकूंना: ‘घरातल्यांनी नाकं मुरडली तरी महिनाभर तेल कमीच ठेवणं’, ‘मुलांसाठी तळलेलं करताना स्वतः न खाणं’. काकूंचा आकडा या प्रश्नांवर किती खाली येतो ते बघा. त्यांना पाककृती नको असते, नवऱ्याचं तोंड बंद ठेवायचा उपाय हवा असतो. कार्यक्रमात एक सत्र त्यावरच ठेवा असं मी म्हणेन.

तेलाबद्दल प्रश्न करताना चमचे विचारू नका, पिशव्या विचारा. चमचा घरोघरी वेगळा असतो आणि फोडणी अंदाजाने होते. पण महिन्याला तेलाच्या किती पिशव्या येतात हे वाण्याच्या यादीत असतं. माणशी महिन्याला अर्धा लिटर म्हणजे दिवसाला साधारण १५ ग्रॅम पडतं. मग पायऱ्या सरळ मांडता येतात: आज घरात माणशी १ लिटर लागतं; ते पाऊण लिटरवर आणणं कितपत जमेल? अर्ध्यावर? याचा आणखी एक फायदा म्हणजे खात्रीसोबत प्रत्यक्ष सवयीचाही आकडा तुमच्या हातात येतो. तो पुढे लागणार आहे. बाहेरचं खाणं यात येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

पट्टीबद्दल तुम्ही विचारलंत, तर मी ० ते १००, दहा-दहाच्या टप्प्यांनी वापरते. ० म्हणजे अजिबात जमणार नाही, ५० म्हणजे जमेलही आणि नाहीही, १०० म्हणजे नक्की जमेल. ‘सहमत-असहमत’ काढून टाका. एखाद्या विधानाशी सहमत असणं आणि ते आपल्याला जमणं या वेगळ्या गोष्टी आहेत. सुरुवातीला एक सरावाचा प्रश्न द्या. परदेशी टूलमध्ये वजनं उचलण्याचा असतो, मी आपल्याकडचा करून घेतलाय: दोन किलोची भाजीची पिशवी घेऊन तिसऱ्या मजल्यावर जिन्याने जाणं कितपत जमेल? भरलेली बादली घेऊन? भरलेलं गॅस सिलेंडर घेऊन? सिलेंडरमध्ये गॅसच १४.२ किलो, वर लोखंडाचं वजन. तिथे येईपर्यंत लोक हसतात आणि १० किंवा ० वर खूण करतात. ‘शून्य म्हटलं तरी चालतं’ हे त्यांना कळतं, आणि तेवढ्यासाठीच तो प्रश्न असतो.

ज्यांना आकड्यांची पट्टी पचत नाही त्यांच्यासाठी काय, हे वय आणि शिक्षणावर अवलंबून आहे. जनता वसाहतीत काम करताना आम्ही वयस्कर बायकांना ‘रुपयात किती आणे खात्री?’ असं विचारून पाहिलं. सोळा आणे, बारा आणे, आठ आणे, चार आणे. झकास चाललं. एक आजी म्हणाल्या, ‘चालायचं सोळा आणे, पण सुनेला तेल कमी घाल म्हणायचं दोन आणेसुद्धा नाही बाई.’ पण त्यांच्याच तिशीतल्या मुलीला आणे म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. तुमच्या वयोगटाला ते चालणार नाही, पाण्याच्या ग्लासाचं चित्र (रिकामा, पाव, अर्धा, पाऊण, भरलेला) चालेल. एकाच अभ्यासात दोन पट्ट्या मात्र मिसळू नका.

तयार टूलच्या भाषांतराबद्दल. मूळ लेखकाची परवानगी घ्या, दोघांकडून मराठी करून घ्या, तिसऱ्याकडून उलट इंग्रजी करून घ्या, हे सगळं तुमच्या गाईड सांगतीलच. पण उलट भाषांतर चोख आलं म्हणून मराठी बरोबर आहे असं धरू नका. ‘संतृप्त मेद’चं उलट भाषांतर अगदी बरोबर येतं, कारण करणाऱ्याला इंग्रजी येत असतं. सोसायटीतल्या माणसाला त्याचा बोध शून्य. ‘प्रक्रिया केलेले पदार्थ’ याचा अर्थ एका बाईंनी मला ‘शिजवलेले’ असा सांगितला, आणि ‘शारीरिक हालचाल’ वाचून जवळजवळ प्रत्येक गृहिणी म्हणते, ‘दिवसभर हालचालच तर करते.’ उलटी विधानंही मराठीत फसतात. ‘मला तळलेले पदार्थ टाळता येणार नाहीत असं वाटत नाही’ या वाक्यावर सहमत व्हायचं की असहमत, हे मला स्वतःलाही दोनदा वाचून ठरवावं लागतं. आणि जोडविधानं तोडा: ‘कमी तेलाचं खाऊन रोज व्यायाम करणं’ हे दोन प्रश्न आहेत.

सर्वसाधारण आत्मविश्वासाचं जे १० विधानांचं प्रसिद्ध टूल आहे, ते इथे वापरू नका. आयुष्यात कुठल्याही संकटाला तोंड देऊ शकणारा माणूस मिसळीच्या तर्रीपुढे हरू शकतो. हे क्षेत्र वेगळं, पट्टी वेगळी.

आणखी एक गल्लत तुमच्या टूलमध्ये दिसते. ‘नारळाच्या तेलात संतृप्त मेद जास्त असतो हे मला माहीत आहे’ हे ज्ञान झालं. ‘व्यायामाने कोलेस्टेरॉलवर चांगला परिणाम होतो असं मला वाटतं’ ही फळाबद्दलची अपेक्षा झाली. ‘मी पुढच्या महिन्यापासून चालणार आहे’ हा इरादा. यातलं एकही ‘जमेल’ नाही. सगळ्यांची बेरीज एकत्र केलीत तर कार्यक्रमानंतर ज्ञान वाढेल, बेरीज वाढेल, आणि तुम्ही लिहाल की आत्मविश्वास वाढला. ज्ञान विचारा जरूर, वेगळ्या पानावर. ‘आम्ही शुद्ध शाकाहारी, आम्हाला कसलं कोलेस्टेरॉल?’ हे पुण्यात अजून रोज ऐकू येतं. वनस्पतीज पदार्थांत कोलेस्टेरॉल नसतं हे खरंच आहे, पण रक्तातलं बहुतांश कोलेस्टेरॉल आपलं यकृतच तयार करतं, आणि तूप, लोणी, पामतेल, खोबरेल यांतला संतृप्त मेद एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, वाढवतो. तेलाच्या पिशवीवरचं ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ हे कुठल्याही वनस्पती तेलाला लागू आहे.

इथवर आलोय तर एकदा धागा हातात घेऊ: ‘आत्मविश्वास’ऐवजी ‘जमेल’, सहमतीऐवजी ० ते १००, विधानात लोकांनीच सांगितलेला अडथळा, स्वयंपाक करणारे आणि जेवणारे वेगळे, ज्ञान आणि इरादा बाजूला. आता वेळापत्रक आणि हिशोब.

वेळापत्रकाकडे कुणी बघत नाही, आणि आपल्याकडे तर ते फार महत्त्वाचं. श्रावणात आधीची मोजणी केलीत तर मांसाहार-मद्य सोडलेल्या मंडळींचे आकडे आपोआप वर असतील, त्यात तुमची काही करामत नाही. नंतरची मोजणी दिवाळीच्या आठवड्यात आली तर चकली-शंकरपाळ्यांचे डबे समोर असताना कोण खरं सांगेल? किंबहुना तेव्हाच खरं सांगतील, पण मग आधीच्याशी तुलना होणार नाही. स्थिरता तपासायला तेच टूल त्याच लोकांना दोन आठवड्यांनी परत द्याल, तेव्हाही मधे गणपती येत नाहीत ना ते पाहा. आणि कागद हॉलमध्ये एकत्र भरून घेऊ नका. घरी जा, नवरा-बायकोला वेगळं बसवा, ॲप्रन काढून ठेवा. शक्य असेल तर कार्यक्रम घेणारीने मोजणी करू नये, मैत्रिणीला पाठवा. ज्या ताईंनी ६ आठवडे शिकवलं त्यांनाच ‘जमत नाही’ म्हणून सांगायला लोकांना जड जातं.

हिशोब सोपा ठेवा. आहार, चालणं, तंबाखू असे उपगट करा आणि प्रत्येकाची सरासरी काढा, बेरीज नको. तंबाखू न खाणाऱ्याला तो भाग लागूच नाही, बेरजेत त्याचं विनाकारण नुकसान होतं. क्रोनबाखचा अल्फा (एका गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) उपगटानुसार काढा. ०.७० च्या वर आला तर ठीक. ०.९५ आला तर पेढे वाटू नका, एकच प्रश्न दहा तऱ्हांनी विचारला गेलाय असा त्याचा अर्थ असू शकतो. ६० जणांवर फॅक्टर ॲनालिसिस (कोणती विधानं एका गटात पडतात ते आकड्यांवरून शोधणं) करायचा आग्रह कुणी धरला तर नम्रपणे नको म्हणा, तेवढ्या माणसांत ते उभं राहत नाही. तज्ज्ञांकडून व्हॅलिडिटी (विधानं हवं तेच मोजतात ना याची तपासणी) घेताना सगळे प्राध्यापकच नकोत, एखादी आहारतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष वस्तीत काम करणारी आरोग्यसेविका घ्या. त्यांनी खोडलेली विधानं बहुधा खरोखरच खोडण्यासारखी असतात.

आता जे घडलं की विद्यार्थी घाबरतात त्याबद्दल. टूल चांगलं असेल तर कार्यक्रमानंतर काही जणांचा आकडा खाली येईल. आधी ९० म्हणणारा माणूस ६ आठवड्यांनी ६० म्हणेल. त्याने पहिल्यांदाच खरोखर प्रयत्न केला, महिनाभर तेल मोजलं, आणि हे किती अवघड आहे ते त्याला कळलं. त्याची क्षमता वाढली आणि मोजायची फूटपट्टीही बदलली. पण अर्थात आकडा घसरण्याचं कारण तुमचा कार्यक्रम फसला हेही असू शकतं. दोन्हींत फरक करायला नंतरच्या मोजणीत आणखी एकदा विचारा: ‘आज मागे वळून बघता, कार्यक्रमाआधी तुम्हाला हे खरं किती जमत होतं?’ तो म्हणाला ‘तेव्हा खरं तर ३०’, आणि आज ६० म्हणतोय, आणि वाण्याच्या यादीत तेलाची एक पिशवी कमी झालीय, तर काम झालंय. पिशव्या तेवढ्याच असतील तर नाही. मागे वळून दिलेल्या उत्तरातही माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून ३० सांगू शकतो, म्हणून तर पिशव्यांचा आकडा सोबत हवा.

रक्ताच्या अहवालाशी मात्र हे टूल ताडून पाहू नका, निदान ६ आठवड्यांच्या अभ्यासात. एलडीएल सवयींनी हलतं, तसंच ते अनुवंशिकतेने, थायरॉइडने, रजोनिवृत्तीने, गोळ्यांनीही हलतं. साधारण २५० माणसांत एकाला जन्मतःच एलडीएल वाढलेलं राहण्याचा दोष असतो. त्याने कितीही चालून, कितीही कमी तेल खाऊन ते बहुधा पुरेसं उतरत नाही. अशा माणसाच्या कागदावर १०० आणि अहवालात १९० असं दिसलं, तर टूलही खोटं नाही आणि माणूसही खोटा नाही, त्याला डॉक्टरकडे पाठवायचं. गोळी चालू असलेल्यांची वेगळी नोंद ठेवा, आणि ‘मला आता सवयींनीच जमतंय’ म्हणून कुणी परस्पर गोळी बंद करणार नाही हे पहिल्याच सत्रात बजावून सांगा. आमच्याकडे एकाने केली होती.

दुसरी अडचण म्हणजे कोलेस्टेरॉल वाढलेलं जाणवत नाही आणि उतरलेलंही जाणवत नाही. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार देशातल्या प्रौढांपैकी साधारण २४ टक्के लोकांत ते वाढलेलं होतं. म्हणजे चौघांत एक, आणि त्यांतल्या कुणालाही त्याचं दुखत-खुपत नाही. खात्री वाढते ती मुख्यतः ‘केलं आणि जमलं’ या अनुभवातून. इथे शरीर पावती देत नाही, म्हणून पावती तुम्ही द्यायला हवी: पिशव्यांचा तक्ता, चालण्याचे दिवस, पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढल्याची तारीख. कार्यक्रम असा असेल तर नंतरच्या मोजणीत हलायला काहीतरी असेल.

एखाद्याशी समोरासमोर बोलायचं असेल तर एवढं टूल लागत नाही, हेही सांगून ठेवते. ‘० ते १० मध्ये किती जमेल?’ तो म्हणतो ४. आपल्या तोंडावर लगेच येतं, ‘चारच का?’ ते गिळायचं आणि विचारायचं, ‘दोन का नाही म्हणालात?’ मग तो स्वतःच सांगायला लागतो की मागे एकदा दोन महिने चाललो होतो, तेव्हा बायको सोबत यायची. तुमच्या सत्रांमध्ये हे वापरा, प्रबंधाच्या आकड्यांत मिसळू नका.

एथिक्स कमिटीकडे बदललेलं टूल पुन्हा दाखवावं लागेल, त्याची तारीख आत्ताच बघून ठेवा. तोवर या आठवड्यात एकच करा. नव्या विधानांचा कागद घेऊन पाच जणांकडे जा आणि त्यांना मोठ्याने वाचून मोठ्याने विचार करायला सांगा. जिथे अडखळतील तिथे खूण. जिथे ‘म्हणजे काय?’ म्हणतील तिथे दोन खुणा. आणि ‘अहो हे तर अगदी आमच्या घरातलंच!’ म्हणून कुणी हसलं, तर तज्ज्ञांनी सुचवलं तरी त्या विधानातला एक शब्दही बदलू नका.